ती खरीच असावी, असं मला का वाटतं?

ली-एनफिल्ड नंबर ४ (टी) ही दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश स्नायपर रायफल. समोर आलेली अस्सल की बनावट, हे ओळखायला अभ्यास लागतो आणि तो मी मनापासून केला आहे. साध्या नंबर ४ रायफलींपैकी नेमाला पक्क्या निघालेल्या निवडून १९४२ पासून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूककारांकडे जात. तिथे बॉडीच्या डाव्या अंगाला दुर्बिणीसाठी दोन पॅड बसवत, दस्त्यावर गाल टेकायला लाकडी उंचवटा लावत, आणि तिप्पट मोठं दाखवणारी ३२ नंबरची दुर्बीण त्या एकाच रायफलशी जुळवून देत. अशा वीस हजारांहून जास्त रायफली तयार झाल्या. दुर्बिणीचा नंबर दस्त्याच्या मानेवर, रायफलचा नंबर दुर्बिणीच्या ब्रॅकेटवर, बॉडीवर ‘टी’, दस्त्याच्या खालच्या अंगाला ‘एस ५१’ ही हॉलंड अँड हॉलंडची खूण. दस्ता बदललेला असू शकतो, म्हणून ‘एस ५१’ नसला तरी रायफल लगेच खोटी ठरत नाही. पॅड आणि ‘टी’ मात्र नीट बघावे लागतात. नंतर ठोकलेला शिक्का वरचा काळा थर फोडून उघड्या पोलादापर्यंत जातो. जुन्या शिक्क्याच्या खाचेत तोच थर मुरलेला असतो.

युद्धानंतर रायफली आणि दुर्बिणी वेगळ्या होऊन विकल्या गेल्या, जोड्या फुटल्या. त्यामुळे सगळे नंबर जुळणारी जोडी आज फार महाग आहे. मग कोणी तरी साध्या नंबर ४ ला भोकं पाडतो, पॅड बसवतो, शिक्के ठोकतो. त्यात एक अस्सल सैनिकी रायफल कायमची जाते. याचा दोष मी आजवर बनावट करणाऱ्याला देत आलो. पण साधी रायफल कमी मोलाची आणि दुर्बिणीची जास्त मोलाची, हे ठरवलं कोणी? आम्ही हौशी लोकांनी. त्या लोकांत मीही आहे.

सध्या ज्या रायफलीचा विचार चालू आहे, तिचे नंबर जुळतात. खाचांतला थर जुना आहे, पॅडचे स्क्रू कधी हलवलेले दिसत नाहीत. ती विकणाऱ्या बाईंच्या यजमानांनी जन्मभर जपलेली. बाईंना यातलं काही कळत नाही, आणि त्यांनी सांगितलेली किंमत जोडी न जुळणाऱ्या रायफलीची आहे. मी भिंग घेऊन शिक्के तपासले ते स्वतःची फसवणूक होऊ नये म्हणून. त्याच ज्ञानाच्या बळावर आता मी गप्प राहिलो, तर फसवणूक कोणाची होईल? व्यवहारात गप्प राहायला कायदा आड येणार नाही, हे मला ठाऊक आहे. मनाला विचारलं तर उत्तर लगेच येतं, आणि ते लगेच येतं म्हणूनच त्याला टाळत बसायला जागा उरत नाही.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. इंग्लंडमध्ये अशी चालू रायफल घ्यायची तर पोलिसांचा परवाना लागतो आणि अर्जात सबळ कारण द्यावं लागतं. मी लिहिलं, क्लबात कागदी लक्ष्यावर नेमबाजी. ते खरं आहे. पण कागदावर नेम धरायला याहून अचूक आणि स्वस्त नव्या रायफली आहेत. मला हीच हवी, आणि ती खरीच हवी. खरी म्हणजे काय? युद्धात गेलेली. कोणी तरी तिच्या दुर्बिणीतून दुसऱ्या माणसाकडे पाहिलं असण्याची शक्यता असलेली. प्रत्येक शिक्का जुळला तेव्हा मला जो आनंद झाला, तो त्या शक्यतेचाही होता. हे लिहिताना हात जड होतो, पण ते तसंच आहे.

अशा वेळी मला यशवंत घाडगे आठवतात. आमच्या रायगडचे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तुकडीतले सगळे मरून वा जखमी होऊन पडले असताना ते एकटे मशीनगनवर धावून गेले. ठाणं घेतलं, आणि तिथेच शत्रूच्या स्नायपरांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून ते पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. लहानपणी तो पाहताना मी त्या क्रॉसचा विचार करायचो. गोळी ज्या रायफलीतून सुटली तिचा कधी केला नाही. ती आज कोणाच्या कपाटात असेल, तर तिचेही नंबर कोणी तरी माझ्यासारखेच जुळवले असतील. जर्मन स्नायपर रायफलींना मागणी मोठी आहे, त्यांचीही बनावट होते. घाडग्यांच्या घरच्यांसमोर बसून मी त्या माणसाचा आनंद समजावून सांगू शकेन का? नाही. मग माझा आनंद वेगळा कसा? माझी रायफल आपल्या बाजूची होती, एवढंच उत्तर मला सुचतं, आणि ते मला पुरेसं वाटत नाही.

तरीही रायफल वितळवून टाकावी असं मला वाटत नाही. ती कशासाठी होती हे लपवलं नाही, तर ती जपण्यात अर्थ आहे. तिच्याबरोबर एक गोष्टही मिळते आहे: ती इटलीतल्या कासिनोच्या लढाईत होती म्हणे. त्याचा एकही कागद नाही. ती गोष्ट मी पुढे कोणाला सांगणार नाही, किमतीतही धरणार नाही.

बाईंना मी उद्या फोन करणार आहे. जोडी जुळते, किंमत तुम्ही फार कमी सांगितली आहे, आधी दुसऱ्या जाणकाराला दाखवा, हे सांगणार. त्यांनी ती मग लिलावात दिली, तर माझ्या हाती ती लागणार नाही.