पहिला घाणा नीट उतरू दे

अन्नपूर्णामाते, आईने गौरीहर पुजला तेव्हा तू तिला मिळालीस आणि तिच्याबरोबर सासरी आलीस. तिच्या प्रत्येक दिवाळीचे अनारसे तू पाहिलेस. उद्या माझ्या मैत्रिणी तेच अनारसे शिकायला येणार आहेत, म्हणून आज तुझ्यापुढे हात जोडून बसले आहे.

पिठाकडे तुझं लक्ष असू दे. जुना, जाडा तांदूळ तीन दिवस भिजवला, रोज पाणी बदललं. शेवटी त्याला आई सांगायची तसा आंबूस वास आला आणि दाणा चिमटीत सहज चुरला. मग निथळून पंचावर सावलीत पसरला. हाताला ओल जाणवावी पण तांदूळ चिकटू नये, एवढाच तो सुकवायचा आणि त्या ओलीतच दळायचा. बारीक चाळणीने चाळून त्यात पिठाच्या वजनाइतका गूळ घातला. चिक्कीचा नाही, साधा मऊ गूळ. चमचाभर तूप घालून मळलं आणि गोळे बरणीत भरले. गूळ पिठात मुरायला दिवस लागतात, तिथे घाई चालत नाही. अनारशाचं तयार पीठ दुकानात मिळतं आणि नोकरी सांभाळून ते आणणाऱ्या बायकांना मी कधी नावं ठेवणार नाही. पण शिकवायचंच तर तांदळापासून शिकवावं, असं मला मनापासून वाटतं.

माते, २०२३ साली श्रावण अधिक आला, तेव्हाचे अनारसे आईचे शेवटचे. जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं होतं. ती थकली होती. विकत आणू म्हटलं तर ऐकेना. स्टुलावर बसली, केळीच्या पानाच्या तुकड्यावर खसखस पसरली आणि तुपाच्या बोटांनी गोळी थापू लागली. मध्ये पातळ पडू नये म्हणून तिची बोटं कडेने फिरत आत यायची आणि मधोमध यायच्या आधीच थांबायची. अनारसा तुपात सोडताना खसखशीची बाजू वर. तो उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं, म्हणजे जाळी पडते. तळला की चाळणीत उभा करून निथळायचा. हे सगळं ती करत होती आणि मी नुसती बघत होते. ते बघणं माझ्या वाट्याला आलं, हे तुझं देणं मी विसरणार नाही.

आता मागणं. मला आईसारखं मोकळ्या हाताची ठेव. कुणी कृती विचारली तर तिने एकही खूण मागे ठेवली नाही. आधी एकच लहानसा अनारसा सोडून बघा, सांगायची. तुपात हसून विरघळायला लागला तर बाजूला ठेवलेलं कोरं पीठ मिसळा. कडक झाला तर केळ्याचा तुकडा कुस्करून घाला. एवढ्यावरही भागलं नाही तर शेजारणीच्या घरी जाऊन स्वतः पीठ दाबून बघायची. ज्यांनी अशा खुणा लिहून ठेवल्या त्यांनाही तुझा आशीर्वाद असो. १९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं. घरात विचारायला कुणी नसलेल्या कितीतरी मुलींना त्या पुस्तकाने धीर दिला.

येणाऱ्यांत एक तमिळ मैत्रीण आहे. तिची आई दिवाळीत अदिरसम करायची. तेही तांदळाचं पीठ आणि गूळच, पण गुळाचा पाक करून. ती म्हणाली, तू तुझं शिकव, मी माझं शिकवते. दोन्ही घरांत तूच आहेस माते, तेव्हा दोन्ही कढयांकडे बघ. आच मध्यम राहू दे. माझी जीभ गोड ठेव, कुणाच्या हातून अनारसा मोडला तर मला झारा तिच्या हातातून काढून घेऊ देऊ नकोस.

आणि एक मैत्रीण अशी आहे, जिची आई यंदाच गेली. तिच्या आईचे अनारसे नावाजलेले होते, पण शिकायचे राहून गेले. फोनवर तिने एवढंच विचारलं, “मला जमेल का गं?” तिला मी हो म्हटलं आहे. बरणीतलं अर्धं पीठ तिला घरी नेण्यासाठी वेगळं काढलं आहे. पहिला घाणा तिच्या हातून सोडणार आहोत. माझे अनारसे कसेही होवोत, तो घाणा मात्र नीट उतरू दे.