काटा आणि वाफा

शास्त्रपाठ : २ करिंथ १२:७–१०, लूक १३:६–९



पौल प्रेषितानें आपल्या देहांतील काट्याविषयीं तीन वेळां प्रभूची विनवणी केली, तरी तो काटा निघाला नाहीं. तो काटा कोणता, हें पवित्र शास्त्र सांगत नाहीं; आणि न सांगण्यांतच मोठी दया आहे असें आम्हांस वाटतें. कारण त्यामुळें संधिवातानें बोटें आखडलेली आजी आणि कंबरेच्या दुखण्यानें रात्र रात्र जागणारा शेतकरी, असे सर्वच दुखणाईत पौलाच्या शेजारीं बसूं शकतात. काटा तसाच ठेवून तो सोसण्यास लागेल तितकी कृपा प्रभूनें दिली, आणि माणसाची शक्ति जेथें खुंटते तेथेंच आपली शक्ति दिसूं लागते, हें त्यास शिकविलें.

खेडोपाडीं अशा दुखणाइतांस दोन प्रकारचे बोल ऐकावे लागतात. शेजारी म्हणतात, कुळदैवत सोडलें म्हणून हा भोग आला. मंडळींतलेच कोणी म्हणतात, विश्वास उणा म्हणून प्रार्थना फळली नाहीं. पौलाचा विश्वास उणा होता काय? मग दुसऱ्याच्या दुखण्यावरून त्याच्या विश्वासाचें माप घेणारे आपण कोण?

तथापि दुखणाइतासही एक मोह असतो. "दुखणें थांबेल तेव्हां काम करूं," असें म्हणतां म्हणतां परसबाग ओसाड पडते. नाशिककडील काळी जमीन आपण सर्व जाणतों. पावसांत ती फुगून पायांस चिकटते, उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात. हरळी व लव्हाळा यांचा एक तुकडा राहिला तरी पुन्हां फुटतो. तेथें धडधाकट माणूसही थकतो. आम्हांसही पाठीच्या दुखण्याची पुष्कळ वर्षांची सोबत आहे, म्हणून हें हलकें काम आहे असें आम्ही म्हणत नाहीं.

विल्यम केरी ह्यांचें उदाहरण घ्या. बंगालमधील हुगळीकांठच्या श्रीरामपुरांत राहून त्यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापविलें, आणि १८११ सालीं मराठी नवा करार तेथूनच निघाला. हा पुरुष मोठा माळीही होता. १८२० सालीं त्यांनीं शेतकी व बागाइतीची एक संस्था स्थापिली. १८२३ च्या आक्टोबरांत नावेंतून उतरतांना ते पडले, कंबरेस जबर दुखापत झाली, व पुढें कित्येक महिने कुबड्यांवांचून चालतां येईना. त्याच सुमारास नदीस पूर येऊन, वर्षानुवर्षें जोपासलेल्या बागेची धूळधाण झाली. वय बासष्ट. तरी त्यांनीं बाग पुन्हां लाविली. १८३४ सालीं मरणापूर्वीं पाय चालेनासे झाले, तेव्हां त्यांस खुर्चींत बसवून बागेंत नेत असत.

आतां लूकाच्या दाखल्यांतील माळी पाहा. वांझ अंजिरासाठीं त्यानें धन्याकडे एक वर्ष मागितलें. फळाची हमी त्यानें दिली नाहीं. आळें खणण्याची व खत घालण्याची दिली. आपल्याकडूनही देव तेवढेंच मागतो. काळ्या जमिनीस वाफसा आल्यावांचून शहाणा माणूस तिला हात लावीत नाहीं. देहासही वाफसा असतो. दुखणें कांहींसें उतरलें म्हणजे तेवढाच वेळ काम करावें, आणि कळ चढण्यापूर्वीं उठावें. एका वेळीं एकच वाफा घ्यावा. तोही दोन हात रुंद व भोंवतीं दगड रचून उंच केलेला, म्हणजे पाटावर बसून दोन्ही बाजूंनीं हात पोहोंचतो. घमेलें अर्धेंच भरावें. वाफ्यावर पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा. त्यानें तण कमी उगवतें, ओल टिकते व पाण्याच्या खेपा वांचतात. डाक्तर सांगतील तें औषधही घ्यावें. तें देवाचेंच देणें होय.

उपदेशक बंधूंनो, आपल्या गांवीं असा दुखणाईत असेल तर उपासनेनंतर दोन तरुणांस त्याच्या घरीं शेणखत टाकावयास पाठवा. खुरपें मात्र त्याच्या हातून काढून घेऊं नका. त्याच्या हातून लागलेली मेथीची एक जुडी हीच त्याची उपकारस्तुति आहे.

ज्या प्रभूच्या मस्तकीं आपल्यासाठीं कांट्यांचा मुगुट बसला, तो आपल्या काट्यांस अपरिचित नाहीं. तो आज पुरेल इतकें बळ आपणां सर्वांस देवो. आमेन.