विष जाते कुठे?
नवी मुंबईजवळची तळोजा औद्योगिक वसाहत आणि तिच्यालगतची कासाडी नदी २०१७च्या ऑगस्टमध्ये देशभर गाजली ती कारखान्याच्या रंगाने निळ्या पडलेल्या भटक्या कुत्र्यांमुळे. (माणसांच्या तक्रारींना एवढे भाग्य क्वचितच लाभते.) पण दूषित पाणी शुद्ध करतो तेव्हा आपण नेमके काय करतो? नदीत टाकलेले पाप नाहीसे होते ही आपली जुनी श्रद्धा, आणि चोरून सांडपाणी सोडणाराही तिच्यावरच विसंबतो. सांख्यांचा सत्कार्यवाद मात्र सांगतो की जे आहे, त्याचा अभाव होत नाही. रसायनशास्त्र इथे सांख्यांच्या बाजूचे आहे. षट्संयुजी क्रोमियम कमी घातक अशा त्रिसंयुजी रूपात आणले, चुना घालून खाली बसवले, तरी ते गाळात उरतेच.

कोणी म्हणेल, सेंद्रिय रेणू तर ओझोनने, जिवाणूंनी खरोखर मोडता येतात. येतात, पण सगळे नाहीत, आणि जड धातू तर मुळीच नाहीत. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: विष नुसते हलवायचे, तर शुद्धीकरणाला नैतिक अर्थ तो काय? माझ्या मते अर्थ त्या हलवण्यातच आहे. नदीत ते बेवारस होते. गाळात त्याला मालक मिळतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१०च्या कायद्यात ‘प्रदूषकाने भरावे’ हे तत्त्व आहे, पण दंड म्हणजे प्रायश्चित्त नव्हे. हा गाळ जिथे पुरतात ती घातक कचऱ्याची भरावभूमी झाकल्यावरही तिच्यातून झिरपणाऱ्या पाण्यावर वर्षानुवर्षे पहारा लागतो, आणि तो खर्च रंगाच्या डब्याच्या किमतीत आजच धरायला हवा.