शेजाऱ्याच्या वाट्याची गोळी

औषध कोणासाठी घ्यावयाचे, असे कोणी विचारले तर आपल्याला हसू येईल. ज्याला आजार त्याला औषध, हा व्यवहार इतका उघड आहे की नीतिविचाराला त्यात शिरकाव करण्यास जागाच दिसत नाही. परंतु हिवतापावरील औषधांच्या एका कुळाने हाच प्रश्न वैद्यकापुढे उभा केला आहे. आणि त्याचे उत्तर शोधू लागलो की आपण शेजारधर्माच्या उंबरठ्यावर येऊन ठेपतो.

रसायनशास्त्रात या कुळाला ‘८-अमिनोक्विनोलिन’ म्हणतात. क्विनाईनच्या रेणूत दोन वलयांची जी चौकट असते तीच येथेही असते; तिच्या आठव्या स्थानी नत्रयुक्त अमिनो गट जोडलेला असतो. या कुळातील पहिले औषध, पामाक्विन, १९२० च्या दशकात जर्मनीत तयार झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सुरू झालेल्या शोधातून प्रायमाक्विन हाती आले आणि आजही तेच सर्वाधिक वापरात आहे.

हिवतापाची बहुतेक औषधे रक्तातील, ताप आणणाऱ्या जंतूंचा नाश करतात. प्रायमाक्विनचे कार्य वेगळे आहे. ‘व्हायव्हॅक्स’ प्रकारात काही जंतू यकृतात निद्रिस्त राहतात व महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांना नष्ट करण्यासाठी आपल्याकडे ही गोळी १४ दिवस देतात. ताप उतरताच ती सोडून देण्याचा मोह अनेकांना होतो. पण येथे लाभ रुग्णाचा स्वतःचाच असतो.

‘फॅल्सिपॅरम’ प्रकारात मात्र गोष्ट निराळी. ताप जातो, रुग्ण कामाला लागतो; तरी चंद्रकोरीच्या आकाराची जंतूंची नर-मादी रूपे त्याच्या रक्तात काही आठवडे रेंगाळतात. रुग्णाला त्यांचा काहीच उपद्रव नसतो. ती केवळ डासाची वाट पाहत असतात. प्रायमाक्विनची एकच मात्रा त्यांना निष्प्रभ करते, आणि आपल्या देशाच्या उपचारपद्धतीतही तिला स्थान आहे. म्हणजे गोळी गिळणाऱ्याला तिचा उपयोग नाही. उपयोग आहे तो पलीकडच्या घरातील लेकराला.

शिवाय ती अगदी निर्धोक नाही. ज्यांच्या तांबड्या पेशींत ‘जी-सिक्स-पी-डी’ नावाचे विकर जन्मतःच कमी असते, त्यांच्या पेशी या औषधाने फुटू शकतात. लघवी काळसर होते, अंगातील रक्त कमी होते. गरोदर स्त्रिया व तान्ही मुले यांना ती आपल्याकडे देत नाहीत. तेव्हा प्रश्न असा: ज्यात रुग्णाचा लाभ नाही, थोडा धोका मात्र आहे, ते औषध वैद्याने त्याला द्यावे काय? मनुष्य हा दुसऱ्याच्या हिताचे साधन होऊ नये, असे आपण मानतो ना?

यावर एक उत्तर आहे. हिवताप एकट्याने कोणालाच होत नाही. आपल्याला चावलेला डास आधी दुसऱ्या कोणाचे तरी रक्त पिऊन आलेला असतो. त्या कोणाने ही गोळी घेतली असती तर आपण कदाचित अंथरूण धरले नसते. या दृष्टीने पाहता ही गोळी म्हणजे उपकार नव्हे. ते एकमेकांचे देणे आहे.

हे उत्तर आम्हांला पटते, परंतु पुरे वाटत नाही. कारण देणे असले तरी ते न सांगता वसूल करण्याचा अधिकार कोणाला नसतो. या औषधाचा इतिहासच तशी साक्ष देतो. १९४४ पासून अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांना मुद्दाम हिवतापाची लागण करून नवी औषधे तपासली गेली. हे प्रयोग १९७४ पर्यंत चालले. कैद्यांनी संमतिपत्रांवर सह्या केल्या होत्या. काहींना शिक्षेत सूटही मिळाली. पण ज्याच्यापुढे दार बंद आहे, त्याच्या होकाराला मोकळा होकार म्हणावे काय? न्यूरेंबर्ग येथे खटला चाललेल्या नात्सी डॉक्टरांच्या वकिलांनी बचावासाठी याच प्रयोगांकडे बोट दाखविले, हे विसरता येत नाही. आणि त्या विकराच्या उणिवेचा शोध १९५६ साली लागला, तोही याच कैद्यांच्या रक्तातून. आज दुर्बलांना जपण्याचे जे ज्ञान आपल्याजवळ आहे, ते अशा माणसांनी सोसलेल्या त्रासातून आले आहे.

विज्ञानाने पुढे आपली रीत सुधारली. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेने या एका मात्रेचे प्रमाण पूर्वीच्या एक-तृतीयांशावर आणण्याची शिफारस केली. देणाऱ्याला झेपेल तेवढेच त्याच्याकडून घ्यावे, हा विवेक त्यात दिसतो.

भल्या शोमरोनी माणसाला रस्त्यात कोणी अडविले नव्हते. जखमीला त्याने पाहिले, आणि तेल, द्राक्षारस व दोन नाणी आपण होऊन दिली. पाहिल्यावाचून आणि मनात आल्यावाचून दिलेले दान हे दान राहत नाही. म्हणून आमचे मत असे की ही गोळी अवश्य द्यावी. मात्र देणाऱ्याने साध्या शब्दांत सांगावे, ‘ही तुमच्यासाठी नाही, तुमच्या शेजाऱ्यांसाठी आहे.’ एवढे वाक्य उच्चारले की रुग्ण साधन उरत नाही. तो दाता होतो. आणि ते ऐकून, ताप उतरलेला असतानाही, पाण्याच्या घोटाबरोबर ती कडू गोळी गिळणे हे आपल्या वाट्याचे काम.