नंबर लागणं आणि नंबर येणं

नेपाळीत ‘डीभी पर्‍यो’ म्हणतात. अमेरिकेच्या डायव्हर्सिटी व्हिसाच्या सोडतीत नाव निघालं, एवढाच त्याचा अर्थ. क्रियापद पडण्याचं आहे, फासा पडतो तसं. मराठीत आणायचं तर मी ‘डीव्हीत नंबर लागला’ असं करीन. म्हाडाच्या सोडतीमुळे हा वाक्प्रचार आपल्या कानाला सरावाचा आहे. भाषांतर चुकीचं नाही, पण फसवं आहे. म्हाडात नंबर लागला आणि कागदपत्रं ठीक निघाली, तर त्या नंबरामागे एक घर असतं. डीव्हीत नंबर लागतो तेव्हा हाती येतो तो फक्त नंबर.

ही योजना अमेरिकेच्या 1990च्या कायद्यातली. ज्या देशांतून मागच्या पाच वर्षांत पन्नास हजारांहून जास्त लोक तिथे स्थायिक झाले, ते देश वगळायचे. म्हणून भारत बाहेर, नेपाळ आत. (देश जन्माचा मोजतात आणि जोडीदाराचाही चालतो. नेपाळात जन्मलेल्या बायकोमुळे भारतात जन्मलेला नवरा अर्ज करू शकतो.) वर्षाचे व्हिसे सुमारे 50 हजार, एका देशाला जास्तीत जास्त 7 टक्के. 2018च्या व्हिशांसाठी सुमारे 1 कोटी 47 लाख अर्ज आले. निवडलेल्यांचा आकडा, कुटुंबीय धरून, सुमारे 1 लाख 16 हजार. म्हणजे जागांच्या दुपटीहून जास्त. बरेच जण पुढे फॉर्म भरत नाहीत, काहींचं शिक्षण कमी पडतं, असा हिशेब त्यामागे असतो. निवडलेल्या प्रत्येकाला क्रमांक मिळतो. दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये प्रदेशवार एक आकडा छापून येतो. आपला क्रमांक त्याच्या आत असेल तरच मुलाखत. नेपाळसारख्या देशासाठी कित्येकदा वेगळा, कमी आकडा दिलेला असतो. 30 सप्टेंबरला सगळं संपतं. त्या दिवसापर्यंत ज्याचा नंबर आला नाही, त्याचा लागलेला नंबरही गेला.

या माणसाचं काही देणं लागतं का? लागत असेल तर ते काय?

ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन ब्रूम यांचं म्हणणं असं की वस्तू वाटून देता येत नसेल आणि सगळ्यांचा दावा सारखाच असेल, तेव्हा सोडत न्याय्य ठरते, कारण वस्तू नाही तरी सारखी संधी प्रत्येकाला मिळते. सरकार यावर म्हणेल, परदेशी माणसाचा आमच्यावर दावाच नाही. ठीक. पण मग यादृच्छिकतेचा एवढा काटेकोरपणा कशासाठी? कारण तो खरोखरच पाळला जातो. मे 2011मध्ये सुमारे 22 हजार जणांना निवड झाल्याचं कळलं आणि दोनच आठवड्यांत ती निवड रद्द झाली. संगणकाच्या चुकीमुळे त्यातले नव्वद टक्के लोक अर्जाच्या पहिल्या दोन दिवसांतले निघाले होते. जुलैमध्ये सोडत नव्याने काढली आणि ते 22 हजार पुन्हा सगळ्यांच्या ढिगात गेले. काही जण कोर्टात गेले, हरले.

मला तो निर्णय योग्य वाटतो, कठोर असला तरी. त्या 22 हजारांनी लबाडी केली नव्हती, पण उशिरा अर्ज करणाऱ्या लाखोंची संधी त्या यादीने खाल्ली होती. मात्र हा निर्णय योग्य म्हणायचा, तर संधी ही खरी वस्तू आहे, ती हिरावली तर अन्याय होतो, हे मान्य करावं लागतं. आणि ते एकदा मान्य केलं की सप्टेंबरात ताटकळणाऱ्याला ‘तुमचं काहीच गेलं नाही’ असं सांगता येत नाही. त्याची सोडत तर बिनचूक होती.

2020मध्ये साथीमुळे दूतावास बंद पडले, त्यात अध्यक्षांचे बंदीचे हुकूम आले, आणि नंबर आलेलेही मुलाखतीविना राहिले. न्यायाधीश अमित मेहता यांनी मुदत संपता संपता 9 हजारांहून अधिक व्हिसे राखून ठेवायला लावले. 2024मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की मुदतीनंतर व्हिसा द्यायला लावण्याचा अधिकार न्यायालयाला नाही. तारीख कायद्यातच लिहिलेली आहे. कायद्याच्या वाचनाशी मी वाद घालणार नाही. पण 2011मध्ये सरकारने आपली चूक निस्तरायला सोडत पुन्हा काढली. 2020मध्ये दार सरकारनेच लावलं होतं, आणि भुर्दंड मात्र नंबरवाल्याने भरला.

व्हिसे वाढवा असं मी म्हणत नाही, तो त्यांच्या मतदारांचा प्रश्न. माझी तक्रार भाषांतरकाराची आहे, शब्दाची. निवडीच्या पत्रात ‘निवड’ आणि ‘पुढील प्रक्रियेसाठी’ हे दोन्ही शब्द असतात. वाचणारा पहिला वाचतो, लिहिणाऱ्याला दुसरा अभिप्रेत असतो. तुमचा क्रमांक अमुक आहे आणि मागच्या वर्षांत तुमच्या प्रदेशात मुलाखती अमुक क्रमांकापर्यंत पोचल्या होत्या, एवढी एक ओळ त्याच पत्रात घालता येईल. जुन्या बुलेटिनमध्ये ते आकडे छापलेलेच आहेत.

त्या पत्राचं मराठी करायची वेळ आली, तर ‘निवड’ लिहिताना माझा हात अडखळेल. ‘तुम्हाला रांगेत जागा मिळाली आहे,’ असं लिहीन बहुधा. मूळ मजकुराशी ते किती प्रामाणिक, हे संपादकाने ठरवावं.