अकृताभ्यागम आणि मंत्र्यांचे उत्तर

कर्मसिद्धान्ताची मांडणी करताना भारतीय दर्शनकारांनी दोन दोष कटाक्षाने टाळले. केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळताच ते कर्म विरून जाणे हा 'कृतप्रणाश', आणि न केलेल्या कर्माचे फळ भलत्याच्याच वाट्याला येणे हा 'अकृताभ्यागम'. आत्मा नित्य मानणाऱ्या नैयायिकांनी, वेदान्त्यांनी आणि आपल्या परीने जैनांनीही क्षणभंगवादी, म्हणजे प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी नाश पावते असे मानणाऱ्या, बौद्धांवर हाच दुहेरी आक्षेप घेतला. करणारा क्षणात संपत असेल तर भोगणारा दुसराच कोणी ठरतो, आणि मग नीतीला आधार उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद आत्म्याच्या स्वरूपापुरता आहे असे समजून तो ग्रंथांत ठेवून देण्याची रीत पडली आहे. परंतु भीमा नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या माणसाला हे दोन्ही दोष अनुमानाने नव्हे, प्रत्यक्षाने ठाऊक आहेत.

भीमेवरील उजनी धरण सोलापूर जिल्ह्यात असून ते १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची साठवण सुमारे ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) असून निम्म्याहून अधिक पाणी मृत साठ्यात, म्हणजे दरवाजे व कालव्यांच्या पातळीखाली, राहते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या महानगरांतून मुळा, मुठा, पवना आणि इंद्रायणी या नद्यांत उतरणारे सांडपाणी, ज्याचा बराच भाग प्रक्रियेविना वाहतो, भीमेच्या वाटेने याच जलाशयात येऊन थांबते. तेथून शंभराहून अधिक किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने सोलापूर शहराला पाणी जाते आणि शहरात ते वर्षानुवर्षे रोज न येता काही दिवसांच्या अंतराने नळाला येते. धरणाखाली तीच नदी पंढरपुरात चंद्रभागा होते, जेथे आषाढीला लाखो वारकरी स्नान करतात आणि जिच्या शुद्धीसाठी राज्य शासनाने २०१६ मध्ये 'नमामि चंद्रभागा' योजना जाहीर केली. वरच्या शहराने केलेल्या कर्माचे फळ त्याला भोगावे लागत नाही आणि खालच्या गावाला न केलेल्याचे फळ चुकत नाही. दर्शनकारांनी अशक्य ठरवलेली स्थिती येथे दैनंदिन आहे.

पहिल्या दोषावर कायद्याने काही उपाय योजला आहे. प्रदूषण करणाऱ्यानेच त्याची किंमत मोजावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये भारतीय कायद्याचा भाग मानले आणि २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्यात ते नोंदले गेले. हा उपाय मुळात कर्मसिद्धान्ताच्याच वळणाचा आहे, कारण तो फळाला कर्त्याकडे परत पाठवतो. त्यासाठी कर्ता मात्र सापडावा लागतो. कारखान्याच्या बाबतीत तो सापडतो. लाखो घरांच्या मोरीतून निघालेल्या पाण्याचा कर्ता कोण, या प्रश्नाला कायदा 'महानगरपालिका' असे उत्तर देतो, महानगरपालिका निधीकडे बोट दाखवते, आणि निधी ज्याच्या हातात आहे ते शासन स्थानिक स्वराज्य संस्थेच्या स्वायत्ततेचे स्मरण करून देते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीतील अठरा विषयांत पाणीपुरवठा, मलनिःसारण आणि पर्यावरणाचे संरक्षण हे तिन्ही आहेत. ते पालिकांकडे सोपवावेत की नाही हे मात्र राज्य विधिमंडळाने ठरवायचे असते. कर्तृत्व असे वाटून दिले गेले की त्याचा एकही वाटेकरी स्वतःला पुरता कर्ता समजत नाही.

येथे विधिमंडळातील प्रश्नोत्तराचा तास तात्त्विक दृष्ट्या महत्त्वाचा ठरतो. तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचे उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचे आणि ज्यावर सदस्यांना उपप्रश्न विचारता येतात तो प्रश्न. अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते. नगरविकास वा पर्यावरण खात्याचा मंत्री उभा राहतो तेव्हा ज्या नाल्याविषयी तो बोलतो तो त्याने दूषित केलेला नसतो आणि बहुधा पाहिलेलाही नसतो. तो कारभार त्याच्या आधीच्या दहा मंत्र्यांच्या हातून गेलेला असतो. तरीही राज्यघटनेच्या १६४ व्या अनुच्छेदाप्रमाणे मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असल्यामुळे उत्तर त्यालाच द्यावे लागते. म्हणजे ज्याला दर्शनांनी दोष म्हटले तो अकृताभ्यागम लोकशाहीने जाणूनबुजून, एका माणसापुरता, नियम म्हणून स्वीकारला आहे, आणि तो यासाठी की लाखो लोकांवर नकळत लादल्या जाणाऱ्या अकृताभ्यागमाला निदान एक तोंड मिळावे.

या व्यवस्थेचे समर्थन, काहीसे विनोदाने, बौद्धांच्याच पक्षातून करता येते. नित्य आत्मा नसला तरी 'संतान', म्हणजे क्षणांचा अखंड प्रवाह, असतो आणि संस्कार त्या प्रवाहातून पुढे जातात, असे बौद्धांनी आक्षेपकांना सांगितले. त्यांचा नेहमीचा दृष्टान्त असा की कापसाचे बी लाखेच्या रंगात भिजवून पेरले तर पुढे येणारा कापूस लालसर होतो. मंत्रिपद हे असेच संतान होय. व्यक्ती बदलते, सरकारेही बदलतात, तरी आधीच्या मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन नव्या मंत्र्याच्या खात्याकडे जसेच्या तसे येते. लोकसभेत अशा आश्वासनांची पूर्तता साधारणपणे तीन महिन्यांत व्हावी असा दंडक असून त्यावर लक्ष ठेवणारी समिती १९५३ पासून काम करते. महाराष्ट्र विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. 'हे मागच्या सरकारच्या काळातले आहे' हे उत्तर म्हणूनच केवळ राजकीय सोयीचे नसते, तर पदाच्या सातत्यालाच ते नाकारते. आणि जो सातत्य नाकारतो त्याला त्या पदाचे अधिकारही वारशाने मागता येऊ नयेत.

अडचण पुढे, उत्तराच्या घडणीत, येते. विधिमंडळातील लेखी प्रश्न 'हे खरे आहे काय' असा सुरू होतो, 'असल्यास' कोणती कार्यवाही केली असे विचारतो आणि 'विलंबाची कारणे काय आहेत' येथे संपतो. उत्तरे ठरावीक असतात. त्यातले 'हे अंशतः खरे आहे' हे उत्तर स्वतःमध्ये गैर नाही. सोलापुरातून जीवराज जैन ग्रंथमालेने जी दर्शनपरंपरा छापून जपली तिच्या मते तर मानवी ज्ञान बहुतांशी 'नय', म्हणजे वस्तूच्या एका अंगाचे ज्ञान, असते. मात्र एक अंग सांगताना उरलेली अंगे नाकारली की तो 'नयाभास', केवळ नयासारखा दिसणारा भ्रम, होतो. कोणता अंश खरा आणि कोणता नाही हे न सांगता 'अंशतः' म्हणणे हे नयाभासाच्याही अलीकडचे आहे, कारण त्यात एकही अंग सांगितलेले नसते.

'प्रश्न उद्भवत नाही' हे त्याहून धीट उत्तर. बुद्धानेही काही प्रश्न बाजूला ठेवले होते. प्रश्नांचे त्याने चार प्रकार सांगितले, त्यांत सरळ उत्तर देण्याजोगा, विभागून उत्तर देण्याजोगा, उलट प्रश्न विचारून सोडवण्याजोगा आणि बाजूला ठेवण्याजोगा असे भेद आहेत. पण त्याने ठेवून दिलेले प्रश्न जग शाश्वत आहे की नाही यासारखे होते आणि त्यांच्या उत्तराने दुःख कमी होत नाही हे त्याचे कारण होते. पिण्याच्या पाण्याचा प्रश्न दुःखाविषयीच असतो. तो चौथ्या प्रकारात टाकणे हा प्रकारांचा गोंधळ आहे.

तिसरा नमुना 'कार्यवाही करण्यात येत आहे' हा. त्यातून कर्ता पूर्णपणे गेलेला असतो, आणि कर्तृत्वाचा लोप हा विषय सोलापूरला बाराव्या शतकापासून परिचित आहे. शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी येथे तलाव खोदवला; 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथात अल्लमप्रभू त्या कामावर येऊन त्यांना मातीकाम करणारा वड्डर म्हणून हिणवतात आणि 'मी करतो' हा भाव गेल्याशिवाय तलाव व देवळे मुक्ती देणार नाहीत असा त्यांचा रोख असतो. सिद्धरामेश्वर पुढे कर्नाटकातील कल्याणला जाऊन चन्नबसवण्णांकडून दीक्षा घेतात. परंपरेने हा ज्ञानाचा कर्मावरील विजय मानला, आणि तो तसा असेलही. पण अल्लमांनी कर्माचा अहंकार सोडायला सांगितले होते, तलाव सोडायला नव्हे. शासकीय वाक्याने नेमके उलट केले: अहंकाराला धक्का न लावता कर्तृत्व तेवढे काढून टाकले. सिद्धेश्वर तलावाच्या पाण्याची काळजी आज जे घेतात वा घेत नाहीत त्यांपैकी कोणीही तो खोदलेला नाही, आणि म्हणून तेथे कर्तृत्व सोडण्याचा नव्हे, न केलेल्या कर्माचे कर्तृत्व अंगावर घेण्याचा प्रसंग आहे.

महानगरपालिकेचे सभागृहच नसते तेव्हा हा भार आणखी वाढतो. २०१७ मध्ये निवडून आलेल्या सोलापूरच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला, जरी घटनेचा २४३ यू हा अनुच्छेद मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्यास सांगतो. प्रशासक शासनाला उत्तर देतो, प्रभागाला नाही. त्यामुळे त्या काळात शहराच्या गटारीविषयी लोकप्रतिनिधींसमोर उत्तर देण्यास बांधलेला माणूस मुंबई-नागपूरच्या सभागृहातला मंत्री एवढाच उरला.

आणि त्या सभागृहातही कर्ते व भोक्ते समसंख्य नाहीत. विधानसभेत पुणे जिल्ह्याचे २१ आणि सोलापूर जिल्ह्याचे ११ सदस्य बसतात. भीमा तर सोलापुराशी थांबत नाही. ती कर्नाटकातील विजयपूर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतून जाऊन कृष्णेला मिळते आणि तिच्या पाण्यात तोवर सोलापूर जिल्ह्याच्या गावांचे कर्मही मिसळलेले असते. त्या काठावरच्या माणसाला मुंबईच्या सभागृहात एकही प्रतिनिधी नाही. त्याचा प्रश्न संसदेतच विचारला जाऊ शकतो, आणि तेथे पाणी व स्थानिक स्वराज्य संस्था हे राज्यांचे विषय असल्याचे उत्तर तयार असते.