लॅपटॉप आपला, कुलूप कुणाचं?

वायफायचा पासवर्ड टाकला आणि पडद्यावर एका कंपनीचं नाव उमटलं. खाली ऑफिसचा ईमेल मागणारी चौकट. वसईगावात पारनाक्याजवळच्या त्या घरातलं कुणीही या कंपनीत कधी कामाला नव्हतं. लॅपटॉप दुकानातून रोख पैसे मोजून घेतलेला. पावतीवर मॉडेल, सिरियल नंबर आणि महिन्याभराच्या वॉरंटीचा शिक्का. मशीनच्या पोटावर मात्र एक चिकट चौकोन बोटाला लागत होता. मालमत्ता क्रमांकाचं लेबल तिथून कुणीतरी नखाने खरवडून काढलं होतं.

बँकेतून निवृत्त झालेल्या आत्याला लॅपटॉप हवा होता तो सोसायटीच्या हिशेबासाठी, नेटबँकिंगसाठी आणि मराठीत टाइप करायला. तो लावून द्यायला आलेली भाची अंधेरीला आयटी सपोर्टमध्ये. तिने हा पडदा ऑफिसात शंभरदा पाहिलेला.

"दुकानदाराने फॉरमॅट मारलाय, पण कंपनीने हे मशीन आपल्या खात्यातून काढलेलंच नाही," तिने सांगितलं. मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट व्यवस्थेत कंपनी आपल्या लॅपटॉपची हार्डवेअर-ओळख सर्व्हरवर नोंदवून ठेवते. मग डिस्क कितीही वेळा पुसा, विंडोज नव्याने चढवा. सेटअपमध्ये इंटरनेट जोडलं की मशीन ओळखलं जातं. ही नोंद दुकानदाराला काढता येत नाही, ते काम कंपनीच्या आयटीवाल्यांचं. पण ही नोंद विचारतं ते फक्त विंडोज. "लिनक्स मिंट टाकते. तासाभरात तुझे हिशेब सुरू."

"टाकता येईल हे कळलं," आत्या म्हणाली. "टाकावं का?"

वसई-विरारमध्ये हा प्रश्न एका घरापुरता नाही. नायगावपासून विरारपर्यंत रोज संध्याकाळी लोकलमधून उतरणाऱ्या कितीतरी छातींवर कंपनीच्या लॅपटॉपची बॅग असते. तेच लॅपटॉप तीन-चार वर्षांनी लॉटने निघतात आणि लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून फिरत उपनगरातल्या दुकानांत येतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. त्यामुळे २०१८ च्या आसपासचं मजबूत ऑफिस मॉडेल घरासाठी चांगला सौदा ठरतं.

"हे चोरीचं असेल असं तुला वाटतं का?" भाचीने विचारलं. "माणूस नोकरी सोडतो, लॅपटॉप जमा होतो, मग लॉट काढतात. यादीतून सिरियल नंबर काढायचं कुणाचं तरी राहून जातं. एवढ्या ढिलाईला चोरी म्हणायचं?"

"नको म्हणू. पण ढिलाई असो की चोरी, पडदा हाच दिसणार ना?"

आत्याचं म्हणणं कायद्याला धरून होतं. माल विक्री कायदा १९३० चा. त्याचं २७ वं कलम सांगतं की काही अपवाद सोडले, तर विकणाऱ्याचा जेवढा हक्क त्याहून चांगला हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. पावती पैसे दिल्याचा पुरावा देते, विकणारा मालक होता याचा नाही. भारतीय न्याय संहितेचं ३१७ वं कलम आणखी पुढे जातं. चोरीचा माल अप्रामाणिकपणे घेणं हा तर गुन्हा आहेच, ठेवून घेणंही आहे. आणि त्यासाठी 'चोरीचा आहे असं मानायला कारण' असणंही पुरतं.

"म्हणजे वायफाय जोडलं नसतं तर तू निर्दोष आणि जोडलं म्हणून संशयित? तुझी नीती राउटरवर चालते की काय?" भाची हसली.

"राउटरवर नाही, कळण्यावर चालते. काल मला विचारायचं कारण नव्हतं. आज आहे. आज न विचारता वापरला, तर मी मुद्दाम डोळे मिटले असं होईल."

मग आत्याने आपल्या बँकेतला दाखला दिला. लॉकरचं भाडं सलग तीन वर्षं थकलं, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँक लॉकर फोडू शकते. पण त्याआधी नोटीस जाते, फोडताना बँकेचा अधिकारी आणि दोन स्वतंत्र साक्षीदार हजर असतात, आतल्या वस्तूंची यादी होते. "फोडायची हत्यारं बँकेकडे पहिल्या दिवसापासून असतात गं. तरी तीन वर्षं थांबावं लागतं."

"दाखला उलटा बसतो, आत्या. तिथे कपाट बँकेचं आणि आतला ऐवज दुसऱ्याचा. इथे कपाटाचे पैसे तू भरलेस, आतला ऐवज दुकानदाराने कधीच पुसला आणि कुलूप तिसऱ्याचं राहिलं. या कुलपाआड राखण्यासारखं उरलंय काय?"

"पुसला याची खात्री काय?"

इथे भाची क्षणभर थांबली, कारण हे तिचंच क्षेत्र. अमेरिकेत एमआयटीच्या सिमसन गारफिंकल आणि अभी शेलाट यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या होत्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, वाचता आलेल्या १२९ पैकी नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. झटपट फॉरमॅटने बहुतेकदा अनुक्रमणिका जाते, पानं तिथेच राहतात. पुढे मॉर्गन स्टॅनलेसारख्या बड्या वित्तसंस्थेनेही जुनी यंत्रं काढण्याचं काम अनुभव नसलेल्या कंपनीला दिलं आणि ग्राहकांची माहिती असलेल्या डिस्क लिलावात विकल्या गेल्या. ओक्लाहोमातल्या एका आयटी सल्लागाराला त्या मिळाल्या. त्याने कंपनीला ईमेल करून कळवलं. कंपनीने त्या त्याच्याकडून परत विकत घेतल्या. २०२२ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने या एकूण हलगर्जीबद्दल कंपनीला साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला.

"बघ, त्याने कळवलंच ना!" आत्या म्हणाली.

"त्याच्याकडे लोकांची माहिती होती, म्हणून कळवलं. आपण डिस्क उघडून न बघता नीट पुसली, तर त्या लोकांचं रक्षणच होईल. आणि विचारायचं तरी कुणाला? पुष्कळ कंपन्या लॅपटॉप लीजवर घेतात. पडद्यावर नाव वापरणाऱ्याचं, मालकी लीजवाल्याची. महिनोन् महिने उत्तर येणार नाही, तोवर चांगलं मशीन कपाटात पडून राहील. लॅपटॉपच्या आयुष्यातल्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो बनवतानाच होऊन गेलेला असतो. २०२२ चे ई-कचरा नियमही जुनं दुरुस्त करून पुन्हा वापरण्याला मान्यता देतात. ज्याने काही केलं नाही, त्यानेच खेटे का घालायचे?"

या प्रश्नात दम होता. ढिलाई कंपनीची, फायदा लॉटवाल्याचा आणि चौकशीचा भुर्दंड शेवटच्या गिऱ्हाइकावर. आत्याने वाद घालण्याऐवजी दुकानदाराला फोन लावला. तो सभ्यपणे बोलला. घेऊन या, करून देतो, म्हणाला. लॉटच्या कागदावर या मशीनचा सिरियल नंबर आहे का, असं विचारल्यावर म्हणाला, "ताई, त्यावर नग लिहितात. नंबर कोण लिहितं?"

शेवटी कंपनीला ईमेल करायचं ठरलं. भाचीने मजकूर केला: सिरियल नंबर, खरेदीची तारीख, पावतीचा फोटो, मशीन तुमच्या नोंदीतून काढता येईल की परत हवं आहे? नोंद निघाली, तर पुढची कामंही तिने कागदावर उतरवली. बायोसमधूनच डिस्क पुसायची, बायोसला जुना पासवर्ड नाही ना ते पाहायचं, विंडोजचा परवाना या मशीनचाच आहे याची खात्री करायची, बॅटरीचा अहवाल काढायचा आणि विंडोजच्या डिस्क-कुलपाची, म्हणजे बिटलॉकरची, ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून ठेवायची.

ईमेलच्या शेवटी तिने लिहिलं होतं, 'तीस दिवसांत उत्तर न आल्यास संमती समजू.'

"हे खोड," आत्या म्हणाली. "संमती त्यांनी द्यायची. ती आपण कशी समजून घ्यायची? तीस दिवसांनी मशीन दुकानात परत जाईल."

"आणि दुकानदार जुगाड करून ते नालासोपाऱ्यातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला विकेल. तुझे हात स्वच्छ राहतील, मशीन तसंच वापरात येईल आणि त्या पोराला पडदाही दिसणार नाही. म्हणजे आज तुला जे कळलंय ते त्याला कळूच नये, अशी सोय आपणच करतोय."

याचं उत्तर आत्याकडे नव्हतं. वाक्य खोडलं गेलं, पण परत देण्याचा बेतही तिने बाजूला ठेवला. उत्तर येईपर्यंत मशीन बंद राहील, एवढंच ठरलं. मग अडलं ते पावतीच्या फोटोवर. दुकानाचं नाव दिसू नये म्हणून भाचीने वरचा पट्टा कापला होता. निदान तो पावती तरी देतो, त्याला कशाला अडकवायचं, असं तिचं म्हणणं. आत्याने पूर्ण फोटो जोडायला लावला. कंपनीला लॉट कुठून फुटला ते शोधायचं असेल, तर सुरुवात तिथूनच होणार होती. भाचीने जोडला, पण पाठवण्याआधी दुकानदाराला फोन करून तसं सांगायची अट घातली. आत्याला ती लगेच पटली.